किलोचा दगड

तेरवीनंतर तिसऱ्या दिवशी
आजीची टोपली उतरवली खुंटीवरून.
आत तराजू, दोरी नवीच बांधलेली,
चुंभळ, विळी, कागदात गुळाचा आकसलेला खडा
आणि तीन दगड.

टोपलीला वास होता अजून.
तो वास लपवायला सातवीत असताना मी
वेणीला चमेलीचं तेल चोपडायची.
तरी मागच्या बाकावरची म्हणायचीच, आली ढिवराची.
आजीला सांगितलं, तर मासा चिरता चिरता
तिचा हातसुद्धा थांबला नाही:
"तिले सांगजो, बुधवारी मरळ ताजी राह्यते."

झोपलेली मी तिला दोनदाच पाहिली.
एकदा काविळीत.
एकदा मंडईच्या रात्री, दंडार ऐन रंगात असताना,
खांबाला टेकून, तोंड उघडं टाकून.
राजा झालेल्या दशरथकाकांनी तलवार उगारली
आणि तिच्या घोरण्यावर सगळी मंडळी हसली.
राजाही.

आजा गेला तेव्हा बाबा नऊ वर्षांचे.
ती सोसायटीच्या सभेला गेली,
दारात बसली नाही, सतरंजीवर बसली.
"जारं माह्या मालकाचं, त माहं नाव काहून नाई?"
सचिव म्हणाला, डोंगा कोण वल्हवणार, बाई?
ती उठून घरी आली. भात टाकला.
सकाळी तलावाच्या मधोमध डोंगा,
डोंग्यात कासोटा मारलेली ती,
काठावर अख्खी सोसायटी.
रजिस्टरात आहे अजून:
अनुक्रम एकतीस, फुलवंता सोविंदा नान्हे,
पुढे अंगठा, जरा फिसकटलेला.
हात ओला असणार.

माझ्या डी.एड.ची फी तिनं भरली
दहा-दहाच्या नोटांत.
बाबूनं गड्डी नाकाशी नेली, मग माझ्याकडे पाहिलं.
"मोजून घ्या साहेब," आजी म्हणाली,
"खवले हायेत, पर नोट खरी हाय."

घरात मात्र
ताटाबाहेर सांडलेलं शीतसुद्धा उचलायला लावायची.
आगपेटीच्या काड्या मोजून ठेवायची.
आई एकदा चिडून म्हणाली होती,
या बुडीच्या हातून पाणीबी गळत नाही.

तर ते तीन दगड.
पाव, अर्धा, किलो.
हातांनी गुळगुळीत झालेले, बोटांच्या जागा पडलेल्या.
सुयोगनं गंमत म्हणून ते
दुकानातल्या काट्यावर ठेवले.
पाव बरोबर.
अर्धा बरोबर.
किलो: एक हजार साठ.
काटा पुसून पुन्हा ठेवला.
एक हजार साठ.

बाबा हिशेबाला बसले,
बाजाराचे दिवस, गुणिले वर्षं, गुणिले गिऱ्हाइकं.
पाठकोऱ्या कागदाची एक बाजू भरली,
मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ
पुसतच राहिले.
आई म्हणाली, चुकून झालं असेल,
त्यांना कुठं वजन कळत होतं.

कौतिकाआत्या उंबऱ्यात बसली होती,
जिनं तीस वर्षं आजीच्या बाजूला मुरमुरे विकले.
ती हसली. दात नाहीत, नुसता आवाज.
"चुकून? पह्यला दगड फुटला,
मंग नहरावरून हा आनला तिनं.
मी म्हनलं, मोठा हाय वो, बदलव.
त म्हने, राहू दे,
काटेबी त जातेत वजनात."

कोणी काही बोललं नाही.
बाहेर कोंबडी टोपलीत डोकावून गेली.

दगड माझ्याकडे आहे आता, गोंदियाला,
तिसऱ्या मजल्यावर.
दुधाच्या गंजावरच्या झाकणावर ठेवते,
मांजर येतं गॅलरीतून.
काल लेकीनं विचारलं, हा कशाचा गं?
किलोचा, म्हटलं.
पुढचं सांगणार होते,
तर दूध वर आलं.